नॅनो सिल्व्हरवाली कवळी : ठाण्यात बनवली, १४ महिने वापरली

पाचपैकी तीन स्टार देतोय आणि तिन्ही बनवणाऱ्या डॉक्टरच्या हाताला आहेत. चांदीला वेगळे मार्क द्यायचे होते, पण जे मोजलंच नाही त्याला मार्क कसले द्यायचे. वागळे इस्टेटच्या कारखान्यांत ३१ वर्षं क्वालिटीत, म्हणजे माल तपासण्यात, काढली आहेत मी, मायक्रोमीटर लावल्याशिवाय ओके मारायची सवय नाही, त्यामुळे हे जरा लांबणार आहे, कंटाळा आला तर चहा करून या.

क्लिनिकचं नाव लिहीत नाही. थोडं कौतुक आहे, थोडी तक्रार आहे, आणि डॉक्टर माणूस म्हणून चांगला आहे. घोडबंदर रोडला नवीन कॉम्प्लेक्स, खाली मेडिकल आणि वर क्लिनिक, एवढं पुरे.

माझे दात किडून नाही गेले, पायोरियाने गेले. एकेक हलायला लागला आणि साठीला पोचेपर्यंत शेवटचा सुळा पण गेला. पहिली पूर्ण बत्तिशी नौपाड्यात केलेली, साधी गुलाबी ॲक्रिलिकची, सहा वर्षं वापरली. वापरली म्हणजे चोवीस तास. सकाळी घासायला काढायची तेवढीच, तेही बाथरूमचं दार लावून, आणि लगेच परत तोंडात. हिने मला बोळक्या तोंडाचा कधी पाहिलेला नव्हता आणि पाहू नये असं माझं म्हणणं होतं, ह्यात काय चुकलं. आमच्या आजोबांचा चौकडा, म्हणजे त्यांची कवळी, रात्री पितळेच्या वाटीत पाण्यात पडलेला असायचा, तांबूस तपकिरी रबराचा, व्हल्कनाइट म्हणतात ते, स्वातंत्र्याच्या आधी कधीतरी करून घेतलेला, आणि बाजूला आजोबा गाल आत गेलेले, तोंड उघडं टाकून घोरतायत. आम्ही पोरं त्या वाटीकडे बघायचो पण नाही. १९३७च्या आसपास ॲक्रिलिक आलं आणि रबराचे चौकडे हळूहळू गेले पण ती वाटी माझ्या डोक्यातून काही गेली नाही.

तर दोनेक वर्षांपूर्वी ओठांचे कोपरे चिरायला लागले. मिसळ खाल्ली की आग. मामलेदारची मिसळ मी शाळेत असल्यापासून खातोय, डोळ्यात पाणी येतं ते ठीक, पण कोपऱ्यात आग होऊन अर्धी प्लेट टाकून उठलो असं पहिल्यांदा झालं. बीकॉम्प्लेक्स खाल्लं महिनाभर, काही नाही. मुलीने ऑनलाइन शोधून हे क्लिनिक काढलं, बाबा चला म्हणाली, गेलो. डॉक्टरने वरची कवळी काढायला लावली आणि हातात आरसा दिला. टाळू लालभडक, आणि लाली कशी, तर बरोब्बर कवळीच्या आकाराची, कडेला रेघ मारल्यासारखी संपलेली. दुखत काहीच नव्हतं. सहा वर्षं तोंडात लाल नकाशा घेऊन फिरत होतो आणि पत्ता नाही. त्याने सांगितलं बुरशी आहे, कॅन्डिडा, कवळीखाली वाढते, शुगर आहे का? म्हटलं आहे, एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शुगर, ८च्या वर. मग झालंच म्हणाला. दात पण झिजलेत, त्यामुळे तोंड मिटल्यावर जबडा जरुरीपेक्षा जास्त मिटतो, ओठांच्या कोपऱ्यात घडी पडते, तिथे लाळ साचते म्हणून चिरतंय. हे मला पटलं. झिजलेला पार्ट बदलायचा असतो, त्यात वाद नाही.

इथे चांदी आली. आणि ती डॉक्टरने नाही आणली, बाहेर काउंटरवरच्या मुलीने आणली, गुळगुळीत ब्रोशर घेऊन. साधी कवळी २२ हजार, नॅनो सिल्व्हर ३० हजार. काका ह्यात चांदीचे नॅनो पार्टिकल आहेत, ९९.९ टक्के जंतू मरतात, वास येत नाही, बुरशी होत नाही. वर हे पण, की आपल्याकडे बाळाला चांदीच्या वाटीतूनच भरवतात ना काका, आपल्या लोकांना आधीपासून माहितीये. मी म्हटलं अगं बाळ वाटीतलं वरण खातं, वाटी टाळूला चिकटवून झोपत नाही. ती हसली आणि फॉर्म पुढे केला.

आता मी इतका शहाणा तर घेतली कशाला असं कोणीही विचारेल. खरं कारण लिहितो, इथे मला कोण ओळखतंय. डॉक्टर आत म्हणाला होता की आजपासून रात्री काढून ठेवायची. आणि बाहेर ब्रोशर सांगत होतं की हिला बुरशी धरतच नाही. म्हणजे काढायची गरज नाही असा हिशोब मी माझ्या मनाने जोडला, ती मुलगी तसं एका शब्दाने बोलली नव्हती. आठ हजार मी चांदीचे नाही दिले, वाटी टाळायचे दिले.

बनवायचं काम मात्र फर्स्ट क्लास, तिथे हात मोकळा सोडून लिहितो. आधी जुनी कवळी आठ-दहा दिवस कमीत कमी घालायला लावली आणि बुरशीचं औषध दिलं, टाळू शांत झाल्याशिवाय माप घेणार नाही म्हणाला, कारण सुजलेल्या टाळूचं माप घेतलं तर सूज उतरल्यावर कवळी ढिली. मला हे एकदम आवडलं, मशीनवरून उतरलेल्या गरम पार्टवर कोणी डायमेन्शन चेक करत नाही. मग पाच फेऱ्या. पहिल्या फेरीला समुद्री शेवाळापासून करतात ती अल्जिनेटची गार पेस्ट, तोंडभर, उलटी येते का येते का करत दोन मिनिटं. दुसऱ्या फेरीला त्या मापावर माझा स्वतःचा ट्रे बनवलेला, त्याच्या कडांना हिरवी कांडी ज्योतीवर मऊ करून लावतात आणि मग ओठ पुढे करा, गाल हलवा, जीभ बाहेर काढा, आ करा, म्हणजे हलणारे स्नायू स्वतःची कड स्वतःच कापून घेतात. ह्यात त्याचा पाऊण तास गेला आणि एकदाही फोन उचलला नाही. नंतर लवंगाच्या वासाची पेस्ट. तिसऱ्या फेरीला मेणाच्या पट्ट्या लावून जबड्याची उंची, चौथ्या फेरीला मेणातच दात बसवून ट्रायल, तिथे मला साठपासून पुढे आकडे मोजायला लावले, साठ, एकसष्ट, बासष्ट, स नीट येतो का बघायला. मुलगी म्हणाली बाबा दात फार पांढरे नका घेऊ, टीव्हीवाल्यासारखे दिसाल. शेड एक खाली घेतली. पाचव्या फेरीला माल हातात.

पहिल्या आठवड्यात खाली डावीकडे टोचलं, दोनदा जाऊन घासून घेतलं, पैसे नाही घेतले. खालची कवळी वरच्यासारखी घट्ट कधीच बसत नाही हे त्याने आधीच सांगून ठेवलेलं, वर टाळूची सगळी जागा पकडायला मिळते, खाली नुसता घोड्याच्या नालेसारखा पट्टा आणि मध्ये जीभ ढकलायला बसलेली. तरी चांगली आहे. ज्वारीची भाकरी, थालीपीठ, सुरमई, सगळं चालतं. अंजिराच्या बिया आणि शेंगदाण्याचा कूट खालच्या कवळीखाली जातो, उपासाच्या दिवशी साबुदाण्याच्या खिचडीनंतर उठून चूळ भरावी लागते. चकली गेल्या दिवाळीत पुढच्या दातांनी तोडायला गेलो तर मागून कवळी उचकली, चकली मागच्या दातात धरूनच मोडायची. चिक्कीचं नाव काढू नका.

रंगाचं सांगायचं राहिलं. साधी कवळी हिरडीसारखी गुलाबी असते, आत बारीक लाल धागे टाकतात, रक्तवाहिन्या वाटाव्यात म्हणून. ही चांदीवाली जरा मळकट दिसते, कांद्याच्या सालाकडे झुकणारी. आधी वाटलं लॅबवाल्याने पावडर चुकवली, पण नाही, चांदी इतकी बारीक केली की ती पांढरी चमकत नाही, पिवळट-तपकिरी दिसते, प्रमाण वाढलं की अजून गडद. जुन्या चर्चच्या रंगीत काचांमधला पिवळा पण चांदीचाच असतो म्हणे. तोंडात घातल्यावर कळत नाही, ओठ झाकतो. पण ३० हजाराची वस्तू हातात घेतल्यावर २२ हजारवालीपेक्षा जुनी दिसते हे आधी सांगायला पाहिजे होतं.

पाच महिने मजेत गेले. रात्रंदिवस तोंडात. सहाव्या महिन्यात कोपरा परत चिरला. मी स्वतः आरसा धरून मोबाईलच्या टॉर्चने टाळू बघितला. नकाशा परत हजर.

क्लिनिकला फोन केला तर काउंटरवरून उत्तर, काका तुम्ही नीट धूत नसाल. अरे पण मग ९९.९ टक्के कशाचे? ब्रोशर घरी होतं, भिंग घेऊन खालची बारीक अक्षरं वाचली. आयएसओ २२१९६. ही स्टँडर्ड मी शोधून वाचली. प्लास्टिकच्या तुकड्यावर जंतूंचं पाणी टाकायचं, वरून फिल्म लावायची, ३५ डिग्रीला २४ तास ठेवायचं आणि उरले किती ते मोजायचं. आणि जंतू कुठले तर ई कोलाय आणि स्टॅफिलोकोकस. दोन्ही बॅक्टेरिया. माझ्या टाळूवर आहे ती बुरशी. लाळ नाही, जेवण नाही, शुगरवाला म्हातारा नाही. टेस्ट खोटी नाही हां, टेस्ट बरोबर आहे, ती फक्त माझ्या तोंडाची टेस्ट नाही. शाफ्टची हार्डनेस दाखवून बेअरिंग पास करून घेणारे सप्लायर मी पुष्कळ बघितलेत.

डॉक्टरला प्रत्यक्ष भेटून विचारलं किती टक्के चांदी आहे. कंपनीचं रेडी मटेरियल आहे म्हणाला. कंपनीचं डेटाशीट मागितलं, मेल करतो म्हणाला, अजून करतोय. दोन स्टार इथे गेले.

मग शेजारच्या कुलकर्णी वहिनींनी सांगितलं म्हणून नवी मुंबईत एका डेंटल कॉलेजला गेलो. ठाण्याहून ट्रान्सहार्बरची नेरूळ लोकल पकडली, दुपारची, बसायला जागा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, नेरूळ, बेलापूर, खारघर, कामोठे ह्या पट्ट्यात चार-पाच डेंटल कॉलेजं आहेत आणि सगळीकडे कवळीचं वेगळं डिपार्टमेंट असतं, प्रोस्थोडॉन्टिक्स, केस पेपर स्वस्त, फक्त वेळ हाताशी पाहिजे, शिकणारी मुलं आणि वर तपासायला सर-मॅडम. मला पीजी करणारी एक मुलगी मिळाली, नातीपेक्षा थोडी मोठी असेल. तिने टाळूला आणि कवळीच्या आतल्या बाजूला, दोन्हीकडे कापूस फिरवला आणि स्लाइड करायला पाठवली. नंतर सांगितलं, काका, टाळूपेक्षा कवळीवर जास्त आहे. चांदीच्या कवळीवर!

मी म्हटलं बाळा मला नीट सांग, मी मशीन शॉपवाला आहे. आणि ह्या पोरीने जे सांगितलं ते त्या ब्रोशरवर छापायला पाहिजे.

चांदी मारते हे खरं, ती म्हणाली. भाजलेल्याला सिल्व्हर सल्फाडायझिन लावतात ते उगाच नाही. चांदीतून आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, सुटतात, ते जंतूच्या प्रोटीनमधल्या गंधकाला जाऊन चिकटतात, त्याचं आवरण फाडतात, आत गेले की कामकाज बंद. बुरशीला पण मारतात. नॅनो करतात कारण तेवढ्याच चांदीचे कण जितके बारीक तितकी बाहेरची बाजू जास्त, म्हणजे आयन सुटायला जागा जास्त. १०० नॅनोमीटरच्या आतले कण, आपला केस त्याच्या शेकडो पट जाड. पण काका, कण ॲक्रिलिकच्या आत गाडलेत ना? पाण्यातल्या मिठासारखे विरघळून बाहेर येणार नाहीत. पृष्ठभागावर जे उघडे आहेत तेच काम करणार, आतले नुसते पडून. आणि जे आयन बाहेर येतात त्यांना लाळेतलं क्लोराइड आणि प्रोटीन वाटेतच पकडतं. वर कवळीवर लाळेचा, मग जंतूंचा थर बसला की चांदी त्या थराच्या खाली. घरातली चांदीची समई तेलाने माखून काळी पडली की चमक कुठे दिसते, तसं. समईचं मी जोडलं, ती काही बोलली नव्हती, पण हो म्हणाली.

म्हटलं मग जास्त टाकायची चांदी. तर ती म्हणाली, तिथेच गोची आहे. पेपर बघितले तर कोणी अर्धा टक्का टाकतो, कोणी दोन, कोणी पाच. जास्त टाकली की कणांच्या गुठळ्या होतात, आणि गुठळी म्हणजे क्रॅक सुरू व्हायची जागा. हे मला समजवायची गरजच नव्हती, पिठल्यात गुठळी राहिली की चमचा तिथेच अडकतो. कवळीच्या ॲक्रिलिकला वाकवून मोडायची टेस्ट असते, आयएसओ २०७९५, उकळून पक्क्या केलेल्या ॲक्रिलिकला निदान ६५ मेगापास्कल पाहिजे. चांदी टाकल्यावर एका पेपरात स्ट्रेंग्थ टिकते, दुसऱ्यात कमी होते, टक्केवारी वाढली की बहुतेक कमीच. आणि ह्यातलं जवळजवळ सगळं काम लॅबमध्ये, पट्ट्यांवर आणि चकत्यांवर झालेलं आहे.

मग तिने विचारलं, घासता कशाने? मी छाती काढून सांगितलं, हार्ड ब्रश आणि टूथपेस्ट, रोज पाच मिनिटं. तिने कपाळाला हात लावला. खऱ्या दातांचं इनॅमल टणक असतं, ॲक्रिलिक मऊ, पेस्टमधली पावडर त्याला ओरखडते. पृष्ठभागाचा खरबरीतपणा ०.२ मायक्रॉनच्या वर गेला की जंतू चिकटण्याचं प्रमाण वाढत जातं, त्याच्या खाली गेलं तर फारसा फरक पडत नाही. ०.२ मायक्रॉन आरए, आरए म्हणजे आमच्याकडचं खरबरीतपणाचं माप! आयुष्यभर मी सरफेस फिनिशवर लोकांचा माल रिजेक्ट केला आणि स्वतःच्या कवळीला रोज सकाळी पॉलिश पेपर मारत होतो. अजून एक, जी बाजू टाळूला लागते ती कोणी पॉलिश करतच नाही, कारण पॉलिश केली तर माप जाईल, फिटिंग बिघडेल. म्हणजे बुरशीसाठी तयार खरबरीत जागा, वरून ओली, ऊबदार, अंधारी, लाळ धुवून नेऊ शकत नाही अशी, आणि मी ती जागा चोवीस तास झाकून ठेवलेली.

कॅन्डिडा बऱ्याच निरोगी लोकांच्या तोंडात पण असते, ती म्हणाली, नुसती असते, त्रास देत नाही. तिला आपण घर बांधून दिलं की वाढते. शुगर, कोरडं तोंड, दम्याचा पंप, आणि सगळ्यात मोठं म्हणजे रात्रभर घातलेली कवळी.

ह्यापुढे तिने जे सांगितलं त्याने मात्र मी गप्प झालो. जपानमध्ये ८५ आणि वरच्या ५२४ लोकांचा अभ्यास झाला, २०१५ साली छापून आला, त्यात कवळी घालून झोपणाऱ्यांना न्यूमोनिया व्हायचा धोका न घालणाऱ्यांच्या दुपटीपेक्षा जास्त निघाला. झोपेत लाळ छातीत जाते थोडी थोडी, आणि त्या लाळेबरोबर कवळीवरचं सगळं. आमचे वडील न्यूमोनियाने गेले, ८१व्या वर्षी. कवळी घालून झोपायचे. आता त्याचा ह्याच्याशी संबंध होता की नव्हता हे कोण सांगणार, पण परतीच्या गाडीत ऐरोली कधी आली कळलं नाही.

औषध दिलं क्लोट्रिमॅझोलचं, थेंब टाळूला आणि कवळीच्या आतल्या बाजूला पण लावायचे, शुगर आटोक्यात आणायची, मऊ ब्रश आणि साधा साबण, बेसिनमध्ये खाली पाणी भरून त्यावर धरून धुवायची म्हणजे पडली तरी फुटत नाही, गरम पाणी नाही, वाकडी होते. दोनतीन दिवसांनी एकदा कवळीची गोळी पाण्यात टाकून भिजवायची, मेडिकलमध्ये मिळते. आणि रात्री काढून साध्या पाण्यात, सुकी ठेवायची नाही.

तीन आठवड्यांत टाळू स्वच्छ. कवळी तीच, चांदी तीच.

आता चांदीने मदत केली की नाही? क्वालिटीवाल्याला दुसरा नमुना पाहिजे. ही डोंबिवलीला बहिणीकडे दोन दिवस राहायला गेली तेव्हा मी हौस भागवून घेतली. जुनी साधी कवळी अर्धा दिवस घातली, मग नवीन अर्धा दिवस, दोन्ही न धुता दोन वाट्यांत एकाच नळाच्या पाण्यात ठेवल्या, ओट्यावर शेजारी शेजारी. दोन दिवस पेज आणि मऊ भात. दुसऱ्या रात्री बोट फिरवलं तर दोन्ही सारख्याच बुळबुळीत, आणि वास, जाऊ दे. ही काही टेस्ट नव्हे हे मलाही कळतं, जुनी सहा वर्षं झिजलेली, आणि बोट म्हणजे काही मायक्रोस्कोप नाही. पण ९९.९ आणि शून्य ह्यात जो फरक असतो तो बोटाला कळायला पाहिजे होता. ही परत आली आणि ओट्यावर दोन कवळ्या बघून जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही.

कोणाला उपयोग होईल का ह्या चांदीवाल्या कवळीचा, तर माझ्या मते होऊ शकतो. आमच्या बिल्डिंगमध्ये एक आजोबा आहेत, पॅरालिसिस झालेला, उजवा हात चालत नाही, कवळी बाईने धुतली तर धुतली. अशा माणसाला काहीही जास्तीची मदत मिळाली तर चांगलीच. ती मुलगी पण म्हणाली की मऊ अस्तर लावतात ना कवळीला आतून, दुखणाऱ्या हिरडीसाठी, ते अस्तर बुरशीला फार आवडतं, त्यात चांदी टाकायचे प्रयोग चालू आहेत आणि तिथे अर्थ आहे. लहान मुलांच्या किडलेल्या दाताला चांदीचं औषध लावून कीड थांबवतात ते तर रोज चालतं, दात काळा होतो एवढंच. म्हणजे चांदी फालतू आहे असं माझं म्हणणं नाही. माझ्यासारख्या धडधाकट, दोन्ही हात चालणाऱ्या, नुसत्या लाजेपायी कवळी न काढणाऱ्या माणसाला ती विकली, आणि मी ती घेतली.

पोटात किती चांदी जाते हे मी क्लिनिकला दोनदा विचारलं. वर्षानुवर्षं चांदीचं औषध पिणाऱ्यांची कातडी निळसर राखाडी होते, आर्जिरिया म्हणतात, फोटो बघा हवं तर. कवळीतून तेवढी सुटत नाही, पण सुटते किती ह्याचा आकडा विकणाऱ्याकडे पाहिजे की नाही? घेणार असाल तर तीन गोष्टी लेखी मागा, चांदी किती टक्के, टेस्ट बुरशीवर केली का, आणि वाकवायच्या टेस्टचा आकडा. नुसतं काका घ्या ना म्हणाले तर साधी घ्या आणि उरलेल्या आठ हजारात सहा महिन्यांनी एकदा दाखवायला जा.

अकराव्या महिन्यात खालची कवळी हातातून निसटली. बेसिनमध्ये पाणी भरायला विसरलो तोच दिवस. मधोमध दोन तुकडे. चांदीमुळे ठिसूळ झाली म्हणून फुटली की साधी पण फुटली असती, सांगता येत नाही, तीन फूट उंची आणि खाली चिनी मातीचं बेसिन. त्याच क्लिनिकला नेली, दुसऱ्या दिवशी जोडून दिली, ८०० रुपये, काम सुबक. पण जोडायला त्यांच्याकडे चांदीवालं मटेरियल नव्हतं, साधं गुलाबी वापरलं. त्यामुळे आता कांद्याच्या सालाच्या रंगाच्या कवळीत मधोमध एक गुलाबी पट्टा आहे, बोटभर रुंद, रफू केल्यासारखा. चौदा महिन्यांनंतर तिथे बुरशी जास्त आणि बाकी ठिकाणी कमी असं काही झालेलं नाही, मी भिंगाने बघतो रोज.

रात्रीचं पण सांगून टाकतो. पहिल्या रात्री दिवा घालवल्यावर अंधारात काढली. चौथ्या-पाचव्या रात्री ही म्हणाली, अहो, चाळीस वर्षं झाली लग्नाला, दिवा लावून काढा, नाहीतर परत पाडाल. बस, एवढंच. त्यावर मी जरा सैलावलो आणि म्हटलं, अगं मुलाच्या बारशातली चांदीची वाटी आहे ना कपाटात, त्यात ठेवू का, चांदीत चांदी. तिने श्रीखंडाचा रिकामा डबा पुढे केला, अर्धा किलोवाला, झाकणासकट.

क्लिनिकला जाणार असाल तर : लिफ्ट आहे, पार्किंग नाही, रविवारी बंद. संध्याकाळी सातनंतर घोडबंदरला रिक्षा मिळत नाही त्यामुळे सकाळची वेळ घ्या. जीपे चालतं. डॉक्टर स्वतः माप घेणार का हे फोनवरच विचारा, असिस्टंट घेणार असेल तर तारीख बदला. आणि काउंटरवर ब्रोशर दिलं तर घ्या, मागची बारीक अक्षरं वाचायला भिंग सोबत ठेवा.